देवाच्या वेळेप्रमाणे

१

बुधवारी सकाळी दहा वाजता सांता इनेस तिकुआच्या कचेरीतलं कपाट उघडलं. आत २०१२ सालचं सभाबुक होतं, २०१४ सालचं होतं, आणि दोन्हींच्या मधे चार बोटांची फट होती. २०१३ गेलं होतं.

"गेलं म्हणजे कुठं गेलं?" झेनाइदा म्हणाली. "पाय फुटले का त्याला?"

चिटणीस निसेफोरो कपाटात हात घालून चाचपत राहिला. कारभारी सेलेरिनो दाराला टेकून दात कोरत होता. आणि अध्यक्ष आबुंदिओ आपल्या नक्षीदार खुर्चीत बसून, एखाद्या मयताला आल्यासारखा चेहरा करून मान हलवत होता.

"जुनी कागदपत्रं, बाई," तो म्हणाला. "उंदीर लागतात."

"तुमचे उंदीर सन बघून खातात वाटतं."

झेनाइदा त्रेसष्ट वर्षांची होती. डोंगरातल्या या गावात मोबाइल यायच्या आधी वीस वर्षं तिने गावची टेलिफोन खोली चालवली होती. मोबाइल आले, खोली बंद पडली, आणि बाईला कायदा सापडला. गावच्या कचेरीतला कुठलाही कागद कुणालाही मागता येतो हे कळल्यापासून तिने सव्वीस अर्ज टाकले होते. उत्तरं आली होती पाच. त्यातलं एक दुसऱ्याच गावाचं होतं.

हा सत्ताविसावा अर्ज मात्र तिच्या एकटीचा नव्हता. तिच्यामागे एर्मेलिंदा उभी होती, झेंडूने पिवळे झालेले हात पदराखाली झाकून. थडग्यांवर झेंडू वाहायचा मृतांचा सण दोन आठवड्यांवर आला होता. झऱ्याकाठचा तिचा मळा फुलांनी भरला होता, आणि कचेरी म्हणत होती की मळा तिचा नाहीच. तिच्या नवऱ्याने, तिबुर्सिओने, मरायच्या महिनाभर आधी भर सभेत तो गावाला परत दिला. येत्या रविवारच्या सभेत ती जागा दारूच्या कारखान्याला जायची होती, झऱ्यासकट. ठराव बुकात आहे, म्हणाले. मग बुक दाखवा, असा अर्ज. तर बुकच नाही.

"कायद्याने तुम्हाला कागद मिळायला हवा ना?" आबुंदिओ म्हणाला. "मग घ्या की कागद. आम्ही रिकाम्या हाताने कुणाला पाठवत नाही."

तो होता नसल्याचा दाखला. अमुक सालचं सभाबुक शोध शोध शोधूनही मिळालं नाही, सबब ते अस्तित्वात नाही. खाली अध्यक्ष, चिटणीस आणि कारभारी यांच्या तीन सह्या आणि तीन शिक्के. ज्या कचेरीकडून गटाराचा साधा नकाशा चार वर्षांत निघाला नव्हता, तिने नसलेल्या वस्तूचा कागद मात्र असा देखणा काढला होता की चौकटीत घालून भिंतीवर लावावा.

झेनाइदाने चष्मा पुसून तारीख वाचली. मग पुन्हा वाचली.

बुक नाही हे आत्ता, बुधवारी, सगळ्यांच्या देखत कळलं होतं. दाखल्यावर तारीख सोमवारची होती.

२

"टायपाची चूक," आबुंदिओ म्हणाला.

"तीन शिक्क्यांवरही तीच?"

"बाई, तुम्ही फार बारीक बघता."

त्याच्या डोक्यामागे 'काचेसारखा स्वच्छ कारभार' असा फलक होता आणि फलकाच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. गेल्या महिन्यात याच माणसाने फरशीवर बुटांची टकटक करत झेनाइदाला अर्धा तास ताटकळत ठेवलं होतं. आज बूट गप्प होते. जमिनीपासून चार बोटं वर, हवेत लोंबत होते. बुडाखाली लाल मखमलीची नवी कोरी गादी होती.

"मूळव्याध," तिची नजर बघून तो म्हणाला. "खुर्चीवर बसून बसून होते. लोकांच्या सेवेत होते."

"देव बरं करो."

"आणि मला एक सांगा. बुक गेल्याचं दुःख सगळ्यात जास्त कुणाला? मला! त्या वर्षीच्या बुकात माझं नाव आहे. सांता इनेसच्या जत्रेचा मान मी घेतला, ऑगस्टच्या सभेने तो कबूल केला, त्याचं पान आहे ते. ते पान अख्खं मला पाठ आहे. गेल्या साली लोक म्हणाले, हा परदेशात होता, याने गावाची पायरी चढलेली नाही, हा अध्यक्ष कसा? तेव्हा तेच पान दाखवून मी त्यांची तोंडं बंद केली. आता मीच ते बुक चोरणार? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार?"

हे मात्र खरं होतं. या गावात अध्यक्ष मतपेटीतून निघत नाही. आधी चावडीचा शिपाई व्हायचं, मग घंटेकरी, मग जत्रेचा मानकरी, आणि मग कुठे ती खुर्ची. बाहेरगावी गेलेल्यालाही गाव बोलावून घेतं. आबुंदिओ पंचाण्णव साली शिकागोला गेला तो अठ्ठावीस वर्षांनी परतला. मधल्या सगळ्या पायऱ्या त्याने चुलतभावाला बदली माणूस म्हणून उभा करून चढल्या. उंटावरून शेळ्या हाकल्या, म्हणा ना. पण बुकात नाव चढलं की गाव ते मानतं.

"मूळ बुक नसलं तरी नक्कल आहे," आबुंदिओने एक कागद पुढे सरकवला. "चिटणिसाने खरी म्हणून शिक्का मारलेली. रविवारी हीच सभेपुढे ठेवणार."

झेनाइदाने ती उभ्याउभ्या वाचली. *रविवार, १७ फेब्रुवारी २०१३. सकाळी दहा वाजता, देवाच्या वेळेप्रमाणे, गावसभा भरली. तिबुर्सिओ याने झऱ्याकाठची जमीन स्वखुशीने गावाला परत केली व सर्वांसमक्ष अंगठा दिला.*

"फेब्रुवारीत तो खाटेवरून उठत नव्हता," एर्मेलिंदा पहिल्यांदाच बोलली. "जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. मी त्याला चमच्याने पाणी पाजत होते."

"दवाखान्याचा कागद आहे?"

"ते म्हणाले, पाच वर्षांनी जाळतात."

"मग बायकोच्या तोंडच्या साक्षीवर कचेरी चालते का?" आबुंदिओ हसला. त्याचे सोन्याचे दोन दात दिसले. "मला विचाराल, तर मी काय सांगणार? मी तर तेव्हा शिकागोत. मला ना सभेचं ठाऊक, ना तिबुर्सिओचं. चिटणिसाला विचारा. लिहिणारा तो, शिक्का त्याचा."

झेनाइदाने तो कागद तिसऱ्यांदा वाचला. भाकरीत खडा लागावा तसं त्यात काहीतरी दाताखाली येत होतं. काय ते कळेना.

३

निसेफोरोच्या ओसरीवर त्याच्या बायकोने मक्याची गरम पेज आणून ठेवली आणि ती आत गेली. तीस वर्षं हा माणूस सभेत लिहीत आला होता. गावात त्याच्याएवढं सुंदर अक्षर कुणाचं नव्हतं.

"निसेफोरोदादा, शपथेवर सांगायचं. ही नक्कल तुम्ही मूळ बुकाशी ताडून बघितली?"

"म्हणजे काय! अक्षरन् अक्षर."

"मग जरा मला वाचून दाखवा. माझा चष्मा घरी राहिला."

चष्मा तिच्या नाकावर होता. निसेफोरोने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, घसा साफ केला, आणि वाचायला लागला, "रविवार, सतरा फेब्रुवारी..." इथवर त्याला पाठच होतं. पुढे तो अडखळला.

"दादा," झेनाइदा म्हणाली, "कागद उलटा आहे."

म्हाताऱ्याने कागद मांडीवर ठेवला. पेजेवर साय धरली.

"दीड वर्ष झालं," तो शेवटी म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नुसते पांढरे ढग दिसतात. कुणाला सांगू नकोस, झेना. खुर्ची जाईल."

"आणि लोकांची जमीन गेली तर चालते?"

"तसं कसं बोलतेस गं!"

"मग कसं बोलू? ओव्या गाऊ? आंधळ्याने शिक्का मारायचा आणि विधवेने मळा सोडायचा! लाज नाही वाटली?"

"वाटली," निसेफोरो म्हणाला. "रोज वाटते. सोमवारी टेबलावर गठ्ठा आला, अध्यक्षांच्या खोलीतून. मी मारत गेलो शिक्के. त्यात काय काय होतं ते मला ठाऊक नाही."

"कुणी ठेवला गठ्ठा?"

"ते कसं दिसणार मला? त्या खोलीत अध्यक्ष बसतो तसा सेलेरिनोही बसतो. आणि कपाटाची किल्ली तर दारामागे खिळ्यालाच असते."

तिने कागद सुलटा केला आणि मोठ्याने, सावकाश वाचून दाखवला. 'देवाच्या वेळेप्रमाणे' हे शब्द आले आणि निसेफोरोची मान झटकन वर झाली.

"थांब. तारीख काय म्हणालीस? फेब्रुवारी? हे माझं लिखाण नाही. मी आंधळा झालो असेन, वेडा नाही झालो."

आणि तो खडा झेनाइदाच्या दाताखालून निघून हातात आला. शहाण्णव साली सरकारने फर्मान काढलं होतं की एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांनी घड्याळ एक तास पुढे करायचं. सांता इनेसने ऐकलं आणि सोडून दिलं. सूर्य काय सरकारच्या बापाचा आहे? बस, बँक, शाळा सरकारी वेळेने चालायची. चर्च, शेत आणि सभा देवाच्या वेळेने. म्हणून निसेफोरो ठरावात तसं नमूद करायचा, घोटाळा नको म्हणून. पण ते फक्त एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात सरकारचं घड्याळ मुकाट्याने मागे यायचं, दोन्ही वेळा एक व्हायच्या, आणि मग 'देवाच्या' कशाला लिहायचं? तीन वर्षांपूर्वी सरकारनेच तो खेळ मोडीत काढला.

"म्हणजे हा कागद कुणी तरी उन्हाळ्यातलं पान पुढ्यात ठेवून रचलाय," झेनाइदा म्हणाली. "त्याला वाटलं, सभेची सुरुवात अशीच करायची असते. येशूचं नाव घ्यावं तशी."

"पण झेना, हे तर गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. सव्वीस वर्षं दोन घड्याळांत काढली आपण."

"तेच म्हणते मी. कोण आहे हा दिवटा?"

४

शुक्रवारी सकाळी सेलेरिनो एर्मेलिंदाच्या मळ्यात फीत टाकून मापं घेत होता. झेंडूची दोन रोपं त्याच्या बुटाखाली आडवी झाली होती. कारखान्याचा मुकादम त्याचा मेहुणा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळे झेनाइदाच्या मनात पहिलं नाव त्याचंच होतं, आणि ते नाव त्याच्या गळ्यात बांधायला तिचे हात शिवशिवत होते.

"अजून सभा झाली नाही," ती बांधावरून म्हणाली, "आणि मापं काय घेतोस?"

"आली टेलिफोनवाली! मावशी, तुमची खोली बंद पडली तरी तुमची घंटी काही बंद पडत नाही."

"नसल्याच्या दाखल्यावर तुझी सही आहे."

"आहे. अध्यक्ष म्हणाले कर, मी केली. सगळं वाचत बसलो तर कामं कधी करायची?"

"खरंय. वाचायचं म्हणजे आधी यायला हवं. दोन हजार तेरात तू कुठल्या पायरीवर होतास रे?"

"घंटेकरी!" सेलेरिनोने छाती काढली. "अकरापासून चौदापर्यंत. सभेची घंटा या हातांनी वाजवली."

"मग वेळेचा घोळ व्हायचा असेल."

"नाव काढू नका! हिवाळ्यात बरं असायचं, एकच वेळ, डोळे मिटून दोर ओढा. पण एकदा एप्रिल आला की डोक्याला ताप. एकदा मी चुकून सरकारी वेळेने घंटा दिली तर म्हाताऱ्यांनी मला अर्धा दिवस कोठडीत टाकलं. तेव्हापासून झोपेत उठवून विचारा, देवाची वेळ कधी सुरू आणि कधी बंद, ते सांगेन."

झेनाइदाने त्याच्याकडे पाहिलं. तिला मनापासून वाईट वाटलं. एवढा सोयीचा चोर हातचा जात होता.

"सेलेरिनो, फुलांवरून पाय काढ," ती म्हणाली. "तू चोर नाहीस."

"म्हणजे? मी कधी म्हटलं मी—"

"नाहीस म्हणते ना. तेवढीही तुझी लायकी नाही. तू नुसता सही करणारा आहेस."

ती वळून चालू लागली. चिटणिसाने हे लिहिलेलं असणं शक्य नव्हतं. सव्वीस वर्षं ज्याने ते शब्द एप्रिलला घातले आणि ऑक्टोबरला काढले, तो फेब्रुवारीत चुकणार नाही. त्या वेळेपायी कोठडीत बसलेला घंटेकरीही चुकणार नाही. दाखल्यावर सह्या तीन होत्या. जो माणूस दोन घड्याळं सुरू व्हायच्या आधीच्या साली गाव सोडून गेला आणि ती बंद पडल्यावर परत आला, ज्याने या गावात देवाच्या वेळेचा एकही दिवस काढला नव्हता, असा त्यांत एकच होता. 'मी तर तेव्हा शिकागोत,' हे तो स्वतःच्या सोन्याच्या दातांनी सांगत सुटला होता.

पण गाव म्हणेल, एका शब्दावरून अध्यक्षाला चोर म्हणता? बुक कुठंय? आणि बुक तर एव्हाना चुलीत गेलं असेल.

५

शनिवारी ती पुन्हा कचेरीत गेली. कपाटातली उरलेली दोन बुकं मागितली. ती नाहीत असा दाखला अजून निघालेला नव्हता, त्यामुळे द्यावी लागली. एर्मेलिंदा शेजारी बसून पानं उलटत गेली आणि झेनाइदा बोट ठेवत गेली. २०१२ : जानेवारी नाही, फेब्रुवारी नाही, मार्च नाही. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारपासून 'देवाच्या वेळेप्रमाणे'. नोव्हेंबरात बंद. २०१४ : तेच.

"आता तरी ऐकतील ना?" एर्मेलिंदाने विचारलं.

"ऐकतील. आणि म्हणतील, चिटणीस म्हातारा झालाय, एखादा शब्द इकडचा तिकडे."

"मग?"

"मग बुक पाहिजे."

एर्मेलिंदाने बुक मिटलं. "तिबुर्सिओला पुरायला नेताना मी वचन दिलं होतं," ती म्हणाली. "दर साली फुलं आपल्याच मळ्यातली आणीन म्हणून. बारा वर्षं आणली. यंदा विकत घेऊन जाऊ का त्याच्याकडे?"

झेनाइदाला राग आला, आणि राग आला की तिचं डोकं चांगलं चालायचं. आबुंदिओ काय म्हणाला होता? मी ते बुक कसं चोरीन, त्यात माझ्या मानाचं पान आहे. बरोबर. ऑगस्टचं पान. तेच ना पाठ केलेलं? त्याच पानावरून त्याने ही सुरुवात उचलली. स्वतःचं नाव सोडून दुसरं पान बघायचेही त्याला कष्ट झाले.

आणि ते पान जळलं तर अध्यक्षपणही जळलं. म्हणजे चोरणं भाग आणि जाळणं अशक्य. असं बुक माणूस ठेवील कुठे? घरी ठेवणार नाही, भाचे-पुतणे खण धुंडाळत असतात. कपाटाला अर्थ नाही, किल्ली खिळ्याला. या माणसाचा कुणावरच विश्वास नाही. तो जागा अशी निवडील की जिथून त्याला स्वतःला हलवायची कुणाची छाती होणार नाही.

इथवर ती आली आणि अडली. रविवारची घंटा वाजली तरी अडलेलीच होती.

६

सभा नेहमीप्रमाणे बास्केटबॉलच्या मैदानात भरली. बाप्ये टोप्या घालून पायऱ्यांवर, बायका रिबोसोच्या शाली पांघरून सावलीत. चावडीच्या दोघा शिपायांनी अध्यक्षाची नक्षीदार खुर्ची डोक्यावर घेऊन आणली. एकाने अध्यक्षाची छत्री आणली, एकाने टोपी, एकाने पाण्याची बाटली. मागून आबुंदिओ आला. त्याच्या बगलेत लाल मखमलीची गादी होती.

झेनाइदा बघतच राहिली. जो माणूस स्वतःची टोपी उचलत नाही तो गादी उचलून आणतो. त्याने ती खुर्चीवर ठेवली, वर बसला, आणि त्याचे बूट जमिनीपासून चार बोटं वर लोंबू लागले. बुधवारी लोंबत होते तसेच. कपाटातली फटही चार बोटांचीच होती.

"अगं बाई!" ती एर्मेलिंदाचा हात दाबत म्हणाली. "कोंबडा अंड्यावर बसलाय."

आबुंदिओने नक्कल वाचली. आवाज भरून आणून वाचली. "तिबुर्सिओचा हा त्याग," तो म्हणाला, "त्याच्या बायकोने मान्य करावा एवढीच गावाची विनंती."

"मला बोलायचंय," झेनाइदा उठली.

"बोला बाई. थोडक्यात."

"थोडक्यातच. अध्यक्षसाहेब, उभे राहा."

"काय?"

"सभेत बोलणाऱ्याने उभं राहून बोलायचं, ही रीत आहे. तुम्ही बसून वाचलंत. उभं राहून वाचा."

"मला त्रास आहे!" आबुंदिओ म्हणाला. "तुम्हाला ठाऊक आहे कसला."

"मूळव्याधवाला बसायला घाबरतो हो, उठायला नाही."

पायऱ्यांवर हशा पिकला. आबुंदिओने खुर्चीचे हात घट्ट धरले. झेनाइदाने मग सगळं सांगितलं : सोमवारचा दाखला, फेब्रुवारीतली देवाची वेळ, दोन सालांची बुकं. तिला फारसं समजवावंही लागलं नाही. 'फेब्रुवारीत देवाची वेळ' एवढं ऐकताच म्हाताऱ्यांच्या रांगेत कुजबूज सुरू झाली. निसेफोरो काठी टेकत उभा राहिला आणि सगळ्या गावापुढे म्हणाला, "मला दिसत नाही. दीड वर्षापासून दिसत नाही. तो शिक्का मी न वाचता मारला. मला काढून टाका, पण ते लिखाण माझं नव्हे."

"कट आहे हा!" आबुंदिओ ओरडला. "एका शब्दावरून! मूळ बुक आणा, मग बोला!"

"आणते की. उठा."

कुणी हललं नाही. मग पायऱ्यांवरून सेलेरिनो उतरला. वारा कुठून सुटलाय हे असल्या माणसांना सगळ्यांत आधी कळतं. "साहेब, उठा की दोन मिनिटं," तो गोड आवाजात म्हणाला, आणि त्याने अध्यक्षाला बगलेत हात घालून उभं केलं. उभं राहिल्यावर आबुंदिओचे बूट एकदाचे जमिनीला लागले. सेलेरिनोने गादीची शिवण चाकूने उसवली. कापूस निघाला, मागून काळ्या कापडाची पुठ्ठेबांधणी निघाली, २०१३.

बुक एर्मेलिंदाच्या हातात दिलं गेलं. तिने पान काढलं आणि शाळेत शिकल्यासारखं, शब्दावर बोट ठेवून वाचलं. "रविवार, सतरा फेब्रुवारी. सकाळी दहा वाजता गावसभा भरली." देवाची वेळ नव्हती. ठराव मोकाट गाढवांचा होता. जमिनीचं नाव नव्हतं. शेवटी निसेफोरोच्या सुंदर अक्षरात एक ओळ होती, तीही तिने बोट ठेवून वाचली. "परवानगीने गैरहजर : तिबुर्सिओ. जिल्ह्याच्या दवाखान्यात आजारी. सभेने त्याच्यासाठी प्रार्थना केली."

तिने रिबोसो तोंडाला लावला. शेजारच्या बायकांनी तिला बसवलं. तेव्हा त्या सभेत असलेले किती तरी लोक आता पायऱ्यांवर मान खाली घालून बसले होते. त्यांनी प्रार्थना केली होती आणि विसरून गेले होते.

"हे थोतांड आहे," आबुंदिओ म्हणाला, पण आवाज आता त्याचा नव्हता. "मला देवाची वेळ ठाऊक नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? मी याच गावचा आहे! मला सगळं ठाऊक आहे!"

"तुझ्या आईने सांगितलं," झेनाइदा म्हणाली. अहोजाहो संपलं होतं. "दर रविवारी माझ्या खोलीत बाकावर येऊन बसायची. माझा आबुंदिओ फोन करील म्हणायची. हिवाळ्यात एक तास बसायची. एप्रिल लागला की दोन तास. मी म्हटलं, आजी, दोन तास कशाला? तर म्हणायची, तो देवाच्या वेळेने करील का सरकारच्या, मला काय ठाऊक! एक निसटायला नको, म्हणून दोन्ही बसते. वीस वर्षं बसली. एकदा तरी फोन केला असतास ना, तर तिने तुला पहिलीच गोष्ट ही सांगितली असती."

आबुंदिओ खुर्चीकडे वळला, पण सेलेरिनो खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा होता आणि त्याने हात काढला नाही.

सभेने त्याच दुपारी दोन ठराव लिहिले. मळा आणि झरा एर्मेलिंदाचा. आणि ऑगस्टचं ते मानाचं पान, आता सगळ्यांसमोर उघडं होतं म्हणून, वाचून रद्द, आणि त्याच्याबरोबर आबुंदिओचं अध्यक्षपणही. निसेफोरोला दिसत नव्हतं, म्हणून तो सांगत गेला आणि एर्मेलिंदाच्या पुतणीने लिहिलं. झेनाइदाने तिथल्या तिथे दोन्ही ठरावांच्या नकलेसाठी अठ्ठाविसावा अर्ज टाकला. नक्कल दहा मिनिटांत मिळाली.

सणाच्या दिवशी एर्मेलिंदाने पहिला भारा तिबुर्सिओच्या थडग्यावर वाहिला. मग थोडी फुलं उचलून ती चार ओळी पलीकडे गेली, जिथे आबुंदिओच्या आईचा दगड होता. त्यावर कुणी काही ठेवलं नव्हतं.

"हिला कशाला गं?" झेनाइदाने विचारलं.

"वाट बघत असेल," एर्मेलिंदा म्हणाली आणि तिने फुलं ठेवली.